कृतिसंशोधनाला खर्च किती येतो?

कृतिसंशोधन म्हटलं की मुख्याध्यापकांना बी.एड.चा तो बाइंड केलेला जाडजूड अहवाल आठवतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, पैसे कुठून आणायचे? आमचाच हिशेब सांगते.

मधल्या सुट्टीनंतरचा तास आमच्याकडे वेळेवर सुरूच होत नसे. बोलणी मुलांनाच बसायची. मग 40 रुपयांची वही आणली. घंटेनंतर वर्गात येणारं प्रत्येक मूल शिक्षक नोंदवायचे, उशिराचं कारणही विचारायचे. दोन आठवड्यांत कळलं की निम्म्याहून जास्त मुलं पाण्याच्या रांगेत अडकतात. पट 150, चालू तोट्या दोन. तिसरी गळकी, फडकं बांधून ठेवलेली. चार नव्या तोट्या, पाइप आणि प्लंबरची मजुरी मिळून 2,200 रुपये लागले. पुन्हा दोन आठवडे नोंदी केल्या. उशिरा येणारी मुलं रोज सरासरी 31 होती, ती 9 झाली.

सरकारी शाळेला यासाठी वेगळा निधी शोधावा लागत नाही. समग्र शिक्षाच्या 2018च्या निकषांनुसार 101 ते 250 पटाला वर्षाला 50,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा, ठराव करून घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात; वहीतले आकडे दाखवले की त्यांना फार समजवावं लागत नाही.

खरा खर्च वेळेचा. रोजची 10 मिनिटं शिक्षकांवर नुसती लादू नका, त्या बदल्यात दुसरं एखादं काम काढून घ्या. नाहीतर आठवड्याभरात नोंदी अंदाजाने भरल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

टायपिंगच्या दुकानातल्या तयार अहवालावर आणि सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगवर एक रुपयाही घालू नका. कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये मांडलेली मूळ रीत साधी आहे: ठरवा, करा, काय झालं ते तपासा, पुन्हा ठरवा. एका वेळी एकच प्रश्न घ्या, आणि बदल करण्याआधीची मोजणी कधीही टाळू नका. ती नसेल तर 2,200 रुपयांनी काय साधलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. प्रश्नावली किंवा नोंदींचा तक्ता अडला तर जिल्ह्याच्या डाएटमधल्या अधिव्याख्यात्यांना विचारा.

त्या उरलेल्या 9 जणांत 6 मुली आहेत. आता नवी वही स्वच्छतागृहाच्या रांगेसाठी घातली आहे.