आगमनकाल आणि आपली धांदल

पाश्चात्य परंपरेनें चालणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेच्या वर्षाचा आरंभ नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारीं होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, आणि तेथून नाताळापर्यंतच्या दिवसांस आगमनकाल म्हणतात. या काळीं मंडळी प्रभूच्या दोन आगमनांचें चिंतन करिते : बेथलेहेमांत झालेलें पहिलें, आणि गौरवानें व्हावयाचें दुसरें. बाराव्या शतकांतील फ्रान्सचे संन्यासी संत बर्नार्ड यांनीं या दोहोंमध्यें तिसरेंहि आगमन सांगितलें. तें म्हणजे भक्ताच्या अंतःकरणांत नित्य होणारें. पहिल्याचें स्मरण करावयाचें, दुसऱ्याची आशा धरावयाची. तिसरें मात्र आज, चालू कामाच्या गर्दींतच, घडावयाचें असतें.

परंतु हाच काळ आमच्या हिंगोली जिल्ह्यांत धांदलीचा. शेतांत कापसाची वेचणी, हरभऱ्यागव्हास पाणी. शाळेंत स्नेहसंमेलनाची तयारी. घरीं रंगसफेदी, करंज्या आणि नवीं वस्त्रें. आम्हांस थांबण्यास वेळ कोठें आहे, असें कोणीहि प्रामाणिकपणें विचारील. त्यावर कामें सोडून बसा, असें शास्त्र सांगत नाहीं. ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम ज्यांस कळली ते मेंढपाळ रात्रीचा पहारा करीत होते. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांतील धन्य दासहि कंबर बांधून व दिवा लावून धन्याची वाट पाहात आहेत. मग मार्थेस प्रभूनें बोल कां लाविला? पुष्कळ गोष्टींच्या काळजीनें तिचें मन विखुरलें होतें. ज्याच्यासाठीं ती राबत होती त्याचेंच बोलणें ऐकण्यास तिला सवड उरली नव्हती.

वाट पाहणें कसें असतें हें वसमतकडील हळदीचा शेतकरी जाणतो. जूनच्या सुमारास लाविलेली हळद निघण्यास आठनऊ महिने लागतात. आगमनकालांत तिचे कंद जमिनीखालीं भरत असतात. वरून ते दिसत नाहींत. शेतकरी रोज उकरून पाहात नाहीं, आणि हातावर हात ठेवून बसतहि नाहीं. तो वेळेवर पाणी देतो, उघडे पडलेले कंद मातीनें झांकतो, आणि भरंवशानें कष्ट करितो. याकोबानेंहि प्रभूच्या आगमनाविषयीं लिहितांना शेतकऱ्याच्याच धीराचें उदाहरण दिलें आहे.

पंडिता रमाबाईंचें जीवन याची साक्ष देतें. केडगांवच्या मुक्ति सदनांत दुष्काळपीडित शेंकडों मुलींच्या अन्नवस्त्राचा व शिक्षणाचा भार त्यांच्यावर होता. त्याच धबडग्यांत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडला. तो त्यांनीं पाहिला नाहीं. तरी वचनासाठीं काढलेली एकहि घटका वायां गेली नाहीं.

आतां एक गोष्ट आपल्या दाराजवळची. मराठवाड्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेले मजूर उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. कित्येकांचीं मुलें आजीआजोबांपाशीं राहून शाळेस येतात. वाट पाहणें म्हणजे काय, हें त्यांस शिकवावें लागत नाहीं. अशा मुलाच्या शेजारीं बसून आपण सणाच्या तयारींत इतके गढलों कीं त्याची आठवणहि झाली नाहीं, तर आपण वाट तरी कोणाची पाहात होतों? भुकेल्यास दिलेलें अन्न आपणांसच दिलें, असें मानणारा प्रभु अशाच रूपानें दारीं येतो.

म्हणून कामांत गुंतलेल्या ख्रिस्ती जनांस आमची तीन गोष्टींची विनंति आहे. पहांटे कामास लागण्यापूर्वीं लूककृत शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचावा. अध्याय चोवीस आहेत, म्हणून १ डिसेंबरास आरंभ केल्यास नाताळाच्या आदल्या दिवशीं वाचन पुरें होतें. सणाच्या खर्चांतील कांहीं भाग अगोदरच काढून गरजवंताच्या घरीं पोंचवावा. आणि ज्याच्याशीं अबोला असेल त्याच्याशीं सणापूर्वीं बोलावें.

एवढ्यानें धांदल कमी होईल असें नाहीं. पण तींत दार वाजलें तर ऐकूं येईल. प्रभु येईल तेव्हां आपण कामावर असूं आणि जागेहि असूं, अशी त्याची कृपा आपणां सर्वांवर असो. आमेन.