आधी प्रत, मग दुरुस्ती

कारंज्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. मे महिन्यात सकाळी मानोऱ्याकडे हळद, दुपारी शेलूबाजारला लग्न, आणि रात्री मेमरी कार्डं रिकामी करून पुन्हा पहाटे गाडीला किक. कार्ड रिकामं करायचं म्हणजे सगळं एका टेराबाइटच्या एक्सटर्नल हार्ड डिस्कवर टाकायचं आणि कार्ड फॉरमॅट मारायचं. अशी तीन लग्नं त्या एकाच डिस्कवर होती. दुसरी प्रत नव्हती. लोकांना अल्बमच्या तारखा मात्र छातीठोकपणे दिल्या होत्या.

आठवडाभर डिस्क सांगत होती. फोल्डर उघडायला आधी दोन सेकंद, मग चहाचा कप रिकामा होईपर्यंत. मी बोल कॉम्प्युटरला लावला. एका दुपारी कॉपी सुरू असतानाच लाइट गेली. आली, तेव्हा डिस्कमधून आवाज येत होता. टक... टक... टक, मग गप्प, पुन्हा टक. स्टुडिओतलं पोरगं म्हणालं, "दादा, हे फॉरमॅट मागून राह्यलं. करू का?" त्याचा हात माउसवरून बाजूला केला, एवढंच त्या दिवसातलं शहाणपण.

बाकी सगळा गाढवपणा. वायर दहादा काढली-लावली, डिस्क तळहातावर थोपटली, आणि 'चेकडिस्क' चालवली. ती अर्ध्यावर अडकली आणि जाता जाता एका लग्नाच्या फोल्डरांची नावंच पुसून गेली. चेकडिस्क फायली वाचवत नाही; ती डिस्कवरच्या नोंदी सरळ करते, आणि त्यासाठी त्याच आजारी डिस्कवर लिहिते. शेजारच्या दुकानदाराने फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला दिला. तो मात्र मानला नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला कसा घाम सुटतो ते घरी रोज दिसतं. तेच पाणी डिस्कच्या आत धरलं तर संपलंच.

रात्री वाशीमच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, दुरुस्ती नंतर. आधी निघते तेवढं काढून घेऊ. तोवर तिला हात नका लावू."

आला तो आखूड, नवी वायर घेऊन. डिस्क कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावली, आणि टकटक थांबली. तिला पुरेशी वीजच मिळत नव्हती. म्हणून वायर आणि पोर्ट आधी तपासा, पण एकदाच. चांगल्या वायरीवरही टकटक चालू राहिली तर डिस्क काढून ठेवा. आत मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारं हेड केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. ते बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी सुरू करताना तबकडी खरवडली जाऊ शकते. मग धूळमुक्त खोली असलेली डेटा रिकव्हरीची लॅबच गाठायची. केस उघडून आतली डिस्क दुसऱ्या डब्यात घालायचा बेतही सोडा. बऱ्याच छोट्या डिस्कना यूएसबीचं तोंड सर्किटलाच जोडलेलं असतं.

माझी डिस्क दिसू लागली, पण 'क्रिस्टलडिस्कइन्फो'त पिवळा इशारा होता: वाचता न येणारे सेक्टर. विंडोज अशा डिस्कला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि 'डीडीरेस्क्यू' लावलं. हे खराब भागावर अडून बसत नाही. आधी चांगलं तेवढं उचलतं, अवघड जागांची नोंद ठेवतं आणि शेवटी तिथे परत जातं. मधे लाइट गेली तरी त्या नोंदीमुळे काम तिथूनच पुढे चालतं, आणि आमच्याकडे ती जातेच. दोन टेराबाइटच्या नव्या डिस्कवर प्रत तयार व्हायला तीन रात्री लागल्या. जुनीवर टेबलफॅन लावून ठेवला होता.

पुढचं सगळं त्या प्रतीवर. दोन लग्नं जशीच्या तशी निघाली. नावं गेलेलं तिसरं 'फोटोरेक'ने काढलं, पण हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावांनी. फोटोच्या पोटात काढल्याची वेळ असते. त्या वेळेनुसार लावत गेलो, तेव्हा हळद हळदीच्या जागी आली.

अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम आता पाळतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी मंगरूळपीरला बहिणीच्या कपाटात असते. कारंज्याला हे नवं असायचं कारण नव्हतं. इथल्या जैन भांडारांत पोथ्या आहेत. पुष्पदंताचं दहाव्या शतकातलं 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये कारंजा ग्रंथमालेत छापता आलं, ते लोक पिढ्यान्‌पिढ्या उतरवत राहिले म्हणून. आणि मी कार्ड फॉरमॅट मारत होतो.

तिसऱ्या लग्नाच्या मंगलाष्टकांचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालला नाही. मुलीच्या वडिलांना स्टुडिओत बोलावून खरं ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून मोबाइल काढून नातेवाइकांना एकेक फोन लावत बसले. संध्याकाळपर्यंत वऱ्हाड्यांच्या मोबाइलमधले सात तुकडे आले, निम्मे उभे, एकात कुणाचा तरी फेटाच जास्त. तेच जोडून दिले.