दुकानासमोरचा रस्ता कोणाचा? महापालिका, ट्रॅफिक पोलीस आणि आपलं पार्किंग

व्हिडिओत हा विषय मी घाईत उरकला होता, म्हणून इथे जरा सावकाश लिहितोय.

आमच्या एका बॅचमधल्या ताईंची गोष्ट आधी सांगतो. मसाले आणि भाजणीचं दुकान. डिपॉझिट भरलं, रॅक केले, फ्रिज घेतला. दोन महिन्यांत धंदा कुठे जरा रुळायला लागला, तोच एके सकाळी दारासमोर ‘नो पार्किंग’ची पाटी. गिऱ्हाईक गाडी लावायला घाबरायला लागलं. माल घेऊन येणाऱ्या टेम्पोला दोनदा चलन झालं, तसा टेम्पोवाला म्हणाला की आता माल कोपऱ्यावर उतरवीन, पुढचं तुम्ही बघा. ताई नगरसेवकाकडे गेल्या, वॉर्ड ऑफिसला गेल्या, अर्ज दिला, पोच घेतली. साडेतीन महिने हेच. शेवटी तिथल्याच एका क्लार्कने खरं काय ते सांगितलं: “ताई, पाटी आमच्या माणसांनी लावली, पण आदेश आमचा नाही. तुमचा अर्ज चुकीच्या टेबलावर पडलाय.”

साडेतीन महिन्यांचं भाडं आणि तुटलेलं गिऱ्हाईक, एवढी त्या चुकीच्या टेबलाची किंमत. तर आज तेवढं टेबल बरोबर समजून घेऊ.

आपल्याला वाटतं की रस्ता महापालिकेचा, म्हणजे रस्त्यावरचं सगळं महापालिकेचं. हे अर्धंच खरं आहे. डांबर, फुटपाथ, गटार, दिवे, पाट्यांचे खांब हे महापालिकेकडे. पण त्या डांबरावर गाडी कुठे चालेल, कुठे थांबेल, कुठे वळेल हे ठरवायचा मुख्य अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ मधून येतो, आणि तो कायदा हा अधिकार राज्य सरकारला देतो. कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याबद्दल आहे, ११६ वाहतुकीच्या चिन्हांबद्दल आणि ११७ गाड्या उभ्या करायच्या जागांबद्दल. राज्य सरकार स्वतः हे करू शकतं किंवा दुसऱ्या कुणाला तरी अधिकार देऊ शकतं. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे काम वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त बघतात. पुण्याच्या वाहतूक आदेशांची बातमी कधी नीट वाचलीत तर त्यात २७ सप्टेंबर १९९६ च्या गृह विभागाच्या अधिसूचनेचा उल्लेख दिसेल. अधिकार कुठून आला, त्याचा तो पत्ता.

म्हणजे महापालिकेला काहीच विचारत नाहीत का? विचारतात. कलम ११७ मध्येच लिहिलंय की पार्किंगच्या जागा स्थानिक प्राधिकरणाशी सल्लामसलत करून ठरवायच्या. नगरसेवकाच्या पत्राचा उपयोग इथे आहे. त्या पत्राने पाटी निघत नाही, पण महापालिकेचा अभिप्राय आपल्या बाजूने पडायला मदत होते. मी तर म्हणतो पत्र जरूर घ्या, फक्त ते योग्य अर्जाला जोडा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात आणखी एक गोष्ट आली: अशा जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता आणि वाहतुकीचा मोकळा प्रवाह याला प्राधान्य द्यायचं. आपला धंदा बुडतोय हे कारण त्या यादीत नाही. हे कडू आहे, पण अर्ज लिहिताना लक्षात ठेवलेलं बरं.

आता महापालिकेच्या हातात खरोखर काय आहे ते बघू, कारण तेही कमी नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. त्यातल्या १८ विषयांत दिवाबत्ती आणि बस थांब्यांच्या जोडीला वाहनतळही आहेत. म्हणून वाहनतळ बांधणं, तो ठेक्याने देणं, त्याचे दर ठरवणं हे महापालिका करते. पुण्यात २०१८ साली मुख्य सभेत पे-अँड-पार्कचं धोरण आलं तेव्हा किती गदारोळ झाला ते पुणेकरांना आठवत असेल.

दुसरं, अतिक्रमण. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २३१ आयुक्तांना रस्त्यावर मांडलेल्या किंवा विक्रीला ठेवलेल्या वस्तू नोटीस न देता उचलायची मुभा देतं. तुमचा स्टँडी बोर्ड, फुटपाथवरची खुर्ची, गाडी लागू नये म्हणून ठेवलेली कुंडी किंवा साखळी, सगळं यात येतं. ‘फक्त आमच्या ग्राहकांसाठी पार्किंग’ ही पाटीसुद्धा सार्वजनिक रस्त्यावर लावायचा आपल्याला हक्क नाही. आपल्याकडे ती सर्रास लावतात, आणि कुणी उचलत नाही तोवर सगळ्यांना ती कायदेशीरच वाटते!

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इमारतीच्या आतलं पार्किंग. बांधकामाचा नकाशा मंजूर करताना किती गाड्यांची जागा सोडायची हे विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे बघितलं जातं. नव्या उद्योजकांची फसगत जास्त इथेच होते. रस्त्यालगत, छान दर्शनी, भाडं जरा कमी, असा गाळा मिळतो आणि नंतर कळतं की मंजूर नकाशात ती जागा पार्किंग आहे. खांबांच्या मधल्या पार्किंगला शटर लावून केलेले असे गाळे प्रत्येक शहरात आहेत. मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय की असं खांबांमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. मग तिथे गाळा भाड्याने घेणाऱ्याचं काय होणार? तोडायला गाडी आली की मालक फोन उचलत नाही. हॉटेल काढताय आणि मालक म्हणतोय “बाजूच्या मार्जिनमध्ये टेबलं टाका, सगळेच टाकतात”, तर तिथेही तोच धोका. म्हणून करारावर सही करायच्या आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. मालक टाळाटाळ करत असेल तर समजून जा.

हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा वेगळा आहे. शहर फेरीवाला समितीत वाहतूक पोलिसांचाही प्रतिनिधी असतो. त्यावर स्वतंत्र लेख करू.

परत ताईंकडे येतो. आम्ही आधी माहिती अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून वाहतूक शाखेला एवढंच विचारलं: या रस्त्यावरच्या नो पार्किंगच्या आदेशाची प्रत द्या, आणि तो तात्पुरता आहे की अंतिम ते सांगा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. हे विचारणं गरजेचं असतं, कारण बऱ्याचदा आदेश आधी तात्पुरता काढून लोकांच्या हरकती-सूचना मागवतात आणि मग अंतिम करतात. आपण पेपरातली ती छोटी बातमी वाचत नाही आणि मुदत निघून जाते. ताईंचा आदेश अजून तात्पुरताच होता.

मग दुसरा अर्ज, थेट वाहतूक उपायुक्तांच्या नावे. पहिल्या कच्च्या मसुद्यात ताईंनी दोन पानं भरून आपलं दुःख लिहिलं होतं. ते काढलं. त्याऐवजी टेपने मोजलेली रस्त्याची रुंदी, सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ७ वाजताचे फोटो, शेजारच्या ९ दुकानदारांच्या सह्या. आणि मागणी पाटी काढायची नाही, तर दोनच गोष्टींची: सकाळी ठरावीक वेळेत माल उतरवायला मुभा, आणि दिवसभर एका बाजूला सम-विषम तारखेप्रमाणे दुचाकी पार्किंग. सोबत नगरसेवकाचं पत्र. प्रत वॉर्ड ऑफिसला.

छोट्या गावात पोलीस आयुक्तालय नसतं, तिथे जिल्हाधिकारी आणि जिल्हा पोलिसांकडे जावं लागतं. रस्ता राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर बांधकाम विभाग किंवा महामार्गाचं कार्यालयही मधे येतं. म्हणून अर्जाआधी रस्ता नक्की कोणाच्या ताब्यात आहे ते विचारून घ्या.

ताईंना सम-विषम मिळालं. माल उतरवायची सकाळची वेळ मागितली होती त्यापेक्षा एक तास कमी मिळाली, म्हणून टेम्पोवाल्याला आता सव्वासातला यावं लागतं आणि तो रोज कुरकुरतो. दोनदा झालेल्या चलनाचे पैसे मात्र ताईंच्याच खिशातून गेले.