सॉर्टेक्सचा दिवा आणि डाळीचा हिशेब

घाटंजी तालुका कापूस, सोयाबीन व तुरीचा. येथील तूर डाळ होऊन दुकानात येते, तेव्हा गिऱ्हाईक आधी तिचा रंग पाहते. पूर्वी सालीचा दाणा, काळा दाणा व खडा बाया सुपात निवडत. आता मोठ्या डाळ मिलमध्ये हे काम कॅमेऱ्याचे यंत्र करते. त्याला सगळे सॉर्टेक्स म्हणतात. ते मुळात लंडनच्या एका कंपनीचे नाव. १९९३ साली ती स्वित्झर्लंडच्या ब्यूलरने घेतली. यंत्र कोणाचेही असो, त्याचा डोळा नीट लावला नाही तर चांगली डाळ रिजेक्टमध्ये जाते. तो कसा लावावा, हे आज आपण पाहू.

दाणे घसरणीवरून खाली पडतात. दिव्यांच्या उजेडात कॅमेरा त्यांना पाहतो आणि खराब दाण्याला हवेचा झटका बसतो. कॅमेरा एक ओळ टिपायला जेवढा वेळ घेतो, ते एक्स्पोजर. दाणा सेकंदाला ३ मीटर वेगाने पडत असेल, तर १ मिलिसेकंदात तो ३ मिलिमीटर सरकतो आणि बारीक डाग पुसला जातो. वेळ ०.१ मिलिसेकंद ठेवला तर दाणा फक्त ०.३ मिलिमीटर सरकतो. मात्र वेळ निम्मा केला की उजेड दुप्पट लागतो, हे विसरू नये.

पुष्कळ यंत्रांत उजेडाचा आकडा ० ते २५५ असतो. चांगली डाळ २५५ ला टेकली, तर फिकट खराब दाणाही तेथेच टेकतो. मग यंत्राला फरक कळत नाही. म्हणून चांगल्या डाळीचा आकडा २०० च्या आसपास ठेवावा. तेल लावलेली डाळ जास्त चमकते, तेव्हा माल बदलला की आकडा पुन्हा पाहावा. अंधार वाटला म्हणून गेन वाढवू नये. त्याने उजेड वाढत नाही, फक्त आकडा फुगतो आणि खोटे ठिपके दिसू लागतात.

आम्ही असा क्रम सुचवतो:
१) काच व दिव्यांवरील धूळ पुसा.
२) दिवे थोडा वेळ तापू द्या.
३) पांढऱ्या पट्टीवर आकडा जुळवा.
४) आधी एक्स्पोजर, मग दिवा लावा, गेनला शेवटी हात लावा.
५) त्यानंतरच किती खराब दाणा काढायचा ते ठरवा.

आता परीक्षा. रिजेक्टमधील १०० ग्रॅम माल घेऊन त्यातील चांगली डाळ वेचून तोला. ती ४० ग्रॅम भरली, तर रिजेक्टच्या प्रत्येक क्विंटलमागे ४० किलो चांगला माल कवडीमोलाने जातो. पास झालेल्या मालाचीही अशीच तपासणी करा. त्यात खडा निघाला तर गिऱ्हाईक तुटते. दिवसभरात आकडा हळूहळू उतरू लागला, तर बटण फिरवण्याआधी काच पुसा. प्रत्येक प्रतीच्या डाळीचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात कारागीर बदलला तरी ती वही कामास येईल.