‘गो अराउंड’ : कोझिकोड विमान अपघाताचा अभ्यास

दिवाळीच्या सुट्टीत मी कुंभकोणमजवळ तिरुनागेश्वरम् येथे आजीकडे गेलो होतो. तिकडे ऐन दिवाळीत पाऊस असतो. हे राहूच्या देवळाचे गाव; राहुकाळातला दुधाचा अभिषेक पाहायला लांबून लोक येतात. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी कोझिकोड अपघाताविषयी वाचत होतो. आजी म्हणाली, "काळ वाईट होता रे त्यांचा, दुसरं काय!" चौकशी अहवाल मात्र काळाबद्दल नाही, निर्णयांबद्दल बोलतो. म्हणून हा अभ्यास.

काय घडले?

७ ऑगस्ट २०२० रोजी वंदे भारत मोहिमेतील एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान दुबईहून कोझिकोडला येत होते. विमानात १९० जण होते. कॅप्टन होते नागपूरचे दीपक साठे. ते एनडीएचे माजी छात्र, हवाई दल अकादमीत मानाची तलवार मिळवलेले निवृत्त विंग कमांडर. सहवैमानिक होते अखिलेश कुमार.

पहिल्या प्रयत्नात विमान धावपट्टी २८ वर येत होते. पाऊस जोरात होता आणि कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला. विमान पुन्हा वर नेले गेले. नंतर धावपट्टी १० वर उतरायचे ठरले. या दोन धावपट्ट्या वेगळ्या नाहीत. होकायंत्रावर २८ म्हणजे २८० अंश आणि १० म्हणजे १०० अंश. एकाच पट्टीची ही दोन टोके. पण टोक बदलले की वाराही उलटा होतो. या वेळी तो मागून येत होता, सुमारे १४ नॉटचा.

भौतिकशास्त्र काय सांगते?

समजा, हवेच्या तुलनेत विमानाचा वेग १४० नॉट आहे. समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीवर वेग १३० होतो, मागून असेल तर १५०. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दुसऱ्या वेळी ब्रेकना सुमारे एक तृतीयांश जास्त ऊर्जा जिरवावी लागते, तीही ओल्या पट्टीवर.

कोझिकोडला विमान टेकले तेव्हा जमिनीवरचा वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३०५ किलोमीटर होता. धावपट्टी २७०० मीटरची. त्यातली निम्मी आधीच मागे पडली होती. हा विमानतळ टेकडीच्या सपाट माथ्यावर, म्हणजे ‘टेबलटॉप’ आहे. विमान पट्टी ओलांडून सुमारे ११० फूट खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. करोनाची भीती असूनही आसपासचे गावकरी भर पावसात मदतीला धावले.

खरे कारण

२०२१ मध्ये अहवाल आला. विमान टेकण्याआधी सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. ते ऐकले गेले नाही. त्यांनी स्वतः नियंत्रणही हाती घेतले नाही. २०१० च्या मंगळूर अपघातातही सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते. तिथे १५८ जण गेले.

आपल्यासाठी धडा

गेल्या वर्षी एका ट्रेकमध्ये नकाशा माझ्याकडे होता. सीनियर चुकीच्या वाटेने वळले. मी एकदा हळूच "सर, डावीकडे" म्हणालो आणि गप्प बसलो. दोन तास आम्ही भटकलो. बूट ओले झाले, एवढेच नुकसान. विमानात चूक सुधारायला काही सेकंदच असतात.

१. अनुभवी माणूसही चुकतो. साठे सरांचा अनुभव माझ्या वयाच्या दुप्पट होता. यात त्यांचा अपमान नाही, आपल्याला इशारा आहे.
२. ज्युनियरने धोका दिसताच स्पष्ट बोलावे. ऐकले नाही तर पुन्हा, मोठ्याने बोलावे.
३. सीनियरने ते ऐकून घ्यावे. शिस्त म्हणजे गप्प बसणे नव्हे.
४. माघारी फिरणे ही हार नाही. पुन्हा प्रयत्न करायला विमान आकाशात शिल्लक राहते.

परत येताना आजीला हे सगळे समजावले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या मुलानं सांगितलं होतं?"

हो, सांगितले होते. पुढच्या ट्रेकमध्ये मी दुसऱ्यांदा सांगणार आहे.