ओव्हनमधली बोरमाळ



आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी एखादी जुनी डबी असते. तिच्यात आईची किंवा आजीची बोरमाळ, नाही तर काळी पोत, नाही तर नुसते चार सुटे मणी कापसात गुंडाळून ठेवलेले असतात. आमच्या घरी बोरमाळ एक आणि लेकी तीन. एक लोदला, एक ठाण्याला आणि एक येथे इंग्लंडात. माळ तोडून मणी वाटून घ्यावे हे कोणाच्याच मनास येईना. शेवटी ती थोरलीकडे, म्हणजे लोदला गेली, आणि तेच योग्य झाले.

परंतु पुढे एकदा जुना फोटो पाहताना नातीने विचारले, "आजी, बोर म्हणजे काय?" मुलीने बोराचे झाड पाहिलेले नाही, बोर चाखलेले नाही, आणि आता घरात बोरमाळही नाही. तिला समजावून सांगताना आम्हांला असे वाटले की हातात काही घेऊन सांगावे. म्हणून पॉलिमर क्ले आणून तिच्याबरोबर मणी वळावयास बसलो. तो धडा या वेळी वाचक भगिनींपुढे ठेवीत आहोत. हे मणी सोन्याची बरोबरी करणार नाहीत. मात्र ते हलके असतात, रोज घालता येतात, आणि सात-आठ वर्षांच्या मुलीलाही जमतात.

ही माती कसली?

पेणच्या गणपतीची शाडू आपल्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. ती पाण्याने मऊ होते आणि वाऱ्याने सुकून कडक होते. पॉलिमर क्ले ही तशी माती नव्हे. पी.व्ही.सी. प्लॅस्टिकची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य आणि रंग यांचे ते मिश्रण होय. त्यात पाणी नाही, म्हणून ते हवेने सुकत नाही. ओव्हनमध्ये ठराविक उष्णता मिळाली की पुडीचे कण एकमेकांत मिळून जातात आणि वस्तू पक्की होते.

यातील फिमो हा प्रकार जर्मनीतला. प्रसिद्ध बाहुलीकार कॅथे क्रूझे यांच्या कन्या सोफी यांनी तो हाताळून पुढे आणला. घरात त्यांना फिफी म्हणत, त्यावरून फिमो हे नाव पडले. १९६४ साली त्यांनी ती कृती एबरहार्ड फाबर या कंपनीस दिली. आता फिमो श्टेडलर कंपनी बनविते. स्कल्पी हा अमेरिकन प्रकार आणि सर्निट हा बेल्जियमचा. येथे कलासाहित्याच्या दुकानांत हे मिळतात. नवशिकीने फिमो सॉफ्ट घ्यावे, कारण ते लवकर मळले जाते.

साहित्य

सोनेरी रंगाचे ५७ ग्रॅमचे दोन ठोकळे, न्हाणीघरात लावतात तसली एक गुळगुळीत टाईल, धारदार पाते, मोजपट्टी, विणकामाची बारीक सुई, ओव्हनमध्ये ठेवावयाचा थर्मामीटर, ॲल्युमिनियम फॉईल, एक जुना पत्र्याचा डबा, हात पुसावयास ओले रुमाल, ओवण्यास नायलॉन चढविलेली बारीक तार आणि अडकविण्यास फासा.

मळणे व वळणे

१. ठोकळ्याचा चौथा भाग कापून घ्यावा आणि कणकेसारखा मळावा. पाच मिनिटे तरी मळावे. पिळल्यावर भेगा पडत नाहीत असे झाले म्हणजे पुरे. न मळता केलेला मणी पुढे चिरतो.

२. टाईलवर तळव्याने लाटून १० मि.मी. जाडीची लांब वळी करावी. मोजपट्टीने तिचे ११ ते १२ मि.मी. लांबीचे तुकडे कापावे. असा प्रत्येक तुकडा गोल वळला की १२ मि.मी.चा मणी होतो. नजरेने तोडलेले मणी सारखे होत नाहीत, म्हणून मोजण्याचा कंटाळा करू नये.

३. लाडू वळतो तसा तुकडा दोन तळव्यांत गोल वळावा. मग तोच टाईलवर एका बोटाने हलकेच पुढे-मागे फिरवावा. तो लांबट होऊन बोरासारखा दिसू लागतो. लांबी १५ मि.मी. झाली की थांबावे.

४. अर्धा तास मणी तसेच राहू द्यावे. मळताना ऊब लागून ते नरम झालेले असतात. मग सुई एका टोकाने फिरवत फिरवत अर्ध्यापर्यंत घालावी, काढावी आणि दुसऱ्या टोकाने घालून भोक पुरे करावे. एका बाजूने जोर लावून आरपार घातली तर दुसरे टोक फाटते.

५. उरलेल्या तुकड्यांतून ४ मि.मी.चे बारीक गोल मणी करून त्यांनाही भोके पाडावी. ते मधे घालावयाचे.

गळ्यालगतच्या माळेस २४ बोरे आणि २५ बारीक मणी लागतात. ती साधारण ४६ सें.मी. होते. आपली बोरमाळ छातीवर रुळणारी असते. तशी हवी असल्यास ३६ बोरे आणि ३७ बारीक मणी करावे. ती सुमारे ६९ सें.मी. भरते आणि डोक्यावरून घालता येते. दोन्ही ठोकळे संपले तरी तिचे वजन ११४ ग्रॅमच्या वर जाणे शक्य नाही.

जुन्या बोरमाळेचे मणी पातळ सोन्याचे पोकळ असत आणि आत लाख भरलेली असे. सोनारांनी सोने वाचविले आणि वजनही. तीच युक्ती येथे चालते. मोठा मणी करावयाचा झाल्यास आत फॉईलची घट्ट गोळी घालावी आणि वरून क्लेचा पातळ थर चढवावा.

भाजणे: येथे चूक करू नये

आमची पहिली खेप करपली. ओव्हनच्या खटक्यावर ११० लावले होते, पण आतली उष्णता त्याहून पुष्कळ अधिक होती हे थर्मामीटर नसल्याने कळले नाही. वास सुटला, धोक्याची घंटा वाजू लागली, आणि थंडीत सर्व खिडक्या उघडून बसावे लागले. दोष आमचाच. पी.व्ही.सी. जळले म्हणजे हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. तो नाकाडोळ्यांस आणि छातीस वाईट. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या.

पाकिटावर जी उष्णता छापलेली असेल तीच द्यावी. फिमो सॉफ्टला ११० अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे लागतात. गॅसच्या ओव्हनमध्ये हे साधारण गॅस मार्क पाव इतके होते. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा असतो.

खटक्यावर विश्वास न ठेवता थर्मामीटर पाहावा. ओव्हन आधी तापवावा, आकडा स्थिर झाला की मणी आत ठेवावे आणि तेव्हापासून वेळ मोजावी.

मणी तारेत ओवून ती तार डब्याच्या काठांवर आडवी ठेवावी, म्हणजे मणी खाली टेकून चपटे होत नाहीत. डब्यावर फॉईल झाकावे. ओव्हनच्या तापलेल्या सळ्यांची धग थेट लागत नाही आणि रंग टिकतो.

बाहेर काढल्यावर मणी मऊ लागतात. कच्चे राहिले असे समजून उष्णता वाढवू नये. थंड झाल्यावर ते पक्के होतात. परीक्षेसाठी एक पातळ पट्टीही सोबत भाजावी. ती थंडपणी वाकली तर भट्टी बरोबर, मोडली तर कच्ची.

भांड्यांबद्दल एक शब्द. टाईल, पाते, सुई, डबा यांपैकी जे एकदा या कामास लावले ते पुन्हा स्वयंपाकास वापरू नये. ज्या घरांत मांसाची व दुधाची भांडी निराळी ठेवण्याची सवय आहे त्यांना तिसरा ढीग करणे जड जाऊ नये! नेहमी हे काम करणार असाल तर लहानसा स्वस्त ओव्हन वेगळा घ्यावा. एखाद्या वेळेपुरता घरचा ओव्हन वापरला तर डबा नीट झाकावा, त्याच वेळी आत अन्न ठेवू नये, आणि नंतर ओव्हन पुसून काढावा.

घासणे व ओवणे

भाजलेल्या मण्यांवर बोटांचे ठसे दिसतात. ते पाण्यात बुडवून ओल्या-कोरड्या सँडपेपरने घासावे. आधी ४००, मग ६००, शेवटी १००० नंबरचा. कोरडे घासल्यास पूड नाकात जाते. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडाने चोळले की छान चमक येते. सोनेरी मणी फार घासू नयेत, वरची झळाळी जाते. नखांचे पॉलिश मुळीच लावू नये. काही दिवसांनी त्याने मणी चिकट होतात.

ओवताना बारीक मण्याने सुरुवात करून एक बोर, एक बारीक, असे घालत जावे. कानांतले करणार असाल तर निकेल नसलेल्या धातूचे आकडे घ्यावे. निकेलने पुष्कळांच्या कानांस खाज सुटते. लहान बाळाच्या गळ्यात मात्र माळ घालू नये, ती तुटली तर मणी घशात जाण्याची भीती असते.

आणखी दोन नमुने

पहिला अळूवडीचा. दोन रंगांच्या पातळ पोळ्या लाटून एकीवर एक ठेवाव्या आणि अळूवडीची गुंडाळी करतो तशी घट्ट गुंडाळी करावी. पिशवीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, मग पात्याने पातळ चकत्या कापून साध्या गोल मण्यावर चिकटवाव्या आणि पुन्हा वळावे. प्रत्येक मण्यावर चक्र उमटते. चक्र कसे होते हे ज्या मुलीने आजीला वड्या करताना पाहिले आहे तिला सांगावे लागत नाही.

दुसरा अकिकाचा. यामागे एक कथा आहे. ऊर नगरीचे, तेथील राजथडग्यांसह, उत्खनन लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात केले. आपला पिता अब्राहाम जेथून निघाला ते ऊर हेच, असे पुष्कळ विद्वान मानतात. त्या थडग्यांतून तांबूस अकिकाचे लांब मणी निघाले. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांस निमुळते असे ते मणी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या प्रदेशातून तेथे पोचले होते. त्यांतील काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मुलांना घेऊन अवश्य पाहून यावे. हिंदुस्थानचे मणी ऊरला आणि तेथून लंडनला, हा प्रवास आपल्यासारख्यांना परका वाटणार नाही.

हे मणी करणे सोपे आहे. अर्धपारदर्शक क्लेत चिमूटभर नारिंगी आणि त्याहून कमी तांबडा रंग मिसळावा. गोल गोळी टाईलवर ठेवून वरून काचेचा किंवा प्लॅस्टिकचा सपाट तुकडा धरावा आणि तो चक्राकार फिरवावा. गोळी आपोआप दोन्ही बाजूंस निमुळती होते. अर्धपारदर्शक क्ले लवकर करपते, म्हणून झाकण विसरू नये.

केव्हा करावे

शब्बाथला हे काम नाही हे सांगावयास नकोच. हनुकाचे दिवे जळत असेतोवर बायकांनी हातातले काम बाजूस ठेवण्याची चाल आहे, तेव्हा हनुकाच्या भेटी आधीच करून ठेवाव्या. नव्याच्या सणापूर्वीच्या सुट्टीत मुले घरी असतात, तो काळ सर्वांत सोयीचा.

वळताना नावे मोठ्याने सांगावी, एवढे आमचे मागणे आहे. बोरमाळ बोरांवरून, जोंधळी पोत जोंधळ्याच्या दाण्यांवरून, चिंचपेटी चिंचोक्यांवरून. आपल्या आयाबायांचे दागिने शेताबांधावरच्या दाण्याफळांची नावे घेऊन आले. दाणे येथे उगवत नाहीत, पण हाताने वळलेला आकार मूल विसरत नाही. आमच्या नातीने आपली माळ पुरी करून ती व्हिडिओवर लोदच्या मावशीआजीला दाखविली. तिकडे तिने डबी उघडून खरी माळ कॅमेऱ्यापुढे धरली. दोन्ही माळांतली बोरे मोजली. तिकडे दोन अधिक निघाली. नात लगेच उठून मळावयास बसली.

ज्या भगिनी हे करून पाहतील त्यांनी आपल्या घरच्या जुन्या माळेचे नाव आणि मण्यांचा आकार आम्हांस लिहून कळवावा. ज्या नावांची आम्हांस माहिती नाही ती पुढील अंकात देऊ.