परवाना एका राज्याचा, प्रवास अनेक राज्यांचा

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातील परवान्यावर पिस्तूल घेऊन न्यू जर्सी, न्यूयॉर्कमार्गे मोटारीने मेनला जाता येईल का? वाहन चालवण्याचा परवाना सर्वत्र चालतो, मग हाही चालावा. – एक वाचक, फिलाडेल्फिया

उत्तर : शस्त्रपरवान्याला तशी परस्पर मान्यता नसल्याने डेलावेअर नदी ओलांडताच न्यू जर्सीत आपला परवाना निरुपयोगी ठरतो, तरीही बेत रद्द करण्याचे कारण नाही, कारण १९८६ च्या संघराज्यीय कायद्याने सुरक्षित मार्गक्रमणाची, म्हणजे निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असल्यास मधल्या राज्यांतून ते नेण्याची, मुभा दिली आहे. त्यासाठी पिस्तूल रिकामे करून ते व गोळ्या डिकीत ठेवाव्यात. स्वतंत्र डिकी नसल्यास कुलूपबंद पेटी लागते, आणि डॅशबोर्डचा कप्पा, त्याला कुलूप असले तरी, चालत नाही. मुभा प्रवासाची आहे, मुक्कामाची नव्हे : नेवार्कला पुढचे विमान चुकल्याने पिस्तुलाच्या सामानासह हॉटेलात रात्र काढलेल्या प्रवाशाला अटक झाली आणि २०१० मध्ये संघराज्यीय अपील न्यायालयानेही त्याला हे संरक्षण नाकारले. त्यामुळे वाटेत नातेवाइकांकडे उतरायचे असल्यास पिस्तूल घरीच ठेवावे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसाधारकांना तर, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद वगळता, शस्त्र बाळगण्यासच मनाई आहे.